पाटी काढली त्या दिवसाचा क्लेम

मी एक जुनी गाडी आहे, आणि पेशाने मास्तरीण. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिली असेलच, मित्रांनो. डोक्यावर शाळेच्या नावाचा पिवळा फलक, पुढे आणि मागे लाल 'एल'ची पाटी, आणि आत दोन-दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. आम्ही रस्त्यात मध्येच बंद पडतो, चढावर मागे घसरतो, वळणावर वाइपर सुरू करतो. मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवतात. वाजवोत बापडे. त्यांच्यातलेही निम्मे माझ्यावरच शिकलेले असतात.

माझा जन्म चारचौघींसारखा मोठ्या कारखान्यात झाला. पहिली दोन वर्षे मी एका दातांच्या डॉक्टरांकडे होते. ते मला घरातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरात नेत, तेही इतके सावकाश की सायकली पुढे निघून जात. तिथे माझे लाड झाले, पण आयुष्य फुकट चालले होते. मग बाईंनी मला विकत घेतले. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मालकीण, शिक्षिका, कारकून आणि शिपाई, सगळे एकटीच. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला दुसरा ब्रेक बसवला आणि मी कामाला लागले.

बारा वर्षे मी शिकवले. कॉलेजातली मुले शिकली, नव्या सुना शिकल्या, त्यांच्या सासवाही शिकल्या. गिअर टाकताना प्रत्येकाने माझा जीव घेतला. परीक्षा घेणारे एक साहेब एकदा म्हणाले होते, "या गाडीवर जो शिकला, तो कोणतीही गाडी चालवेल." त्यात माझ्या क्लचची निंदा होती हे मला कळले, पण मी त्यातली स्तुती तेवढी घेतली. माणसानेही तसेच करावे.

आमच्या शाळेत एक रीत होती. बाईंनीच पाडलेली. परीक्षा पास झाली की त्या विद्यार्थ्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायचा. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या दोन्ही पाट्या काढायच्या, मागच्या सीटवर ठेवायच्या आणि परीक्षेच्या मैदानापासून शाळेपर्यंत मला पाटीशिवाय चालवत आणायचे. बाई शेजारी हाताची घडी घालून गप्प बसत. वाट दहा मिनिटांची. पण त्या दहा मिनिटांत माणसाची मान अशी ताठ व्हायची की मलाच अभिमान वाटायचा. खरे तर पक्का परवाना हातात पडायला आणखी चार-पाच दिवस लागतात, आणि तोवर पाटी लावणे भाग असते. बाईंना हे माहीत होते. बारा वर्षांत काही झाले नाही, म्हणून त्या रीतीकडे कुणी नियमाच्या नजरेने पाहिलेच नाही. ही चूक आमचीच, आणि ती मी लपवणार नाही.

आमच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मावशी होत्या. शिवणकाम करायच्या. वय पंचावन्न, गळ्यात कायम मापाची टेप. त्यांच्या यजमानांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी चालवणे सोडले. "दारात गाडी उभी आणि आम्ही दोघं बसच्या रांगेत," असे म्हणत मावशी शिकायला आल्या. त्यांचा हात फार हलका होता. कापड कापायची सवय असलेला हात, स्टिअरिंगही तसाच नेमका फिरवायचा. पण परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या. पहिल्यांदा घाबरून. दुसऱ्यांदा चढावर. तिसऱ्यांदा तर चाक कडेच्या दगडाला जेमतेम घासले, परीक्षकांचे लक्षही नव्हते, तर मावशी स्वतःहून म्हणाल्या, "साहेब, घासलं हो माझं." साहेबांनी बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि नापास लिहिले.

चौथ्यांदा त्या पास झाल्या. भर दुपारी, मैदानाच्या दारातच, त्यांनी माझ्या पाट्या काढल्या. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग आम्ही निघालो. तिसऱ्या चौकात लाल दिवा लागला. मावशींनी मला इतके अलगद थांबवले की बाईंनी हाताची घडी सोडून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

त्याच क्षणी मागून धडक बसली.

तो एक टेम्पो होता आणि त्यात गाद्या भरलेल्या होत्या. माझी डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली, काच फुटली, आणि मी पुढच्या खांबावर जाऊन आदळले. वरून दोऱ्या तुटल्या आणि तीन गाद्या माझ्या टपावर येऊन पडल्या. नुसत्या गाद्याच गाद्या, मित्रांनो, आणि धक्का झेलायला एकही उपयोगी पडली नाही. बाईंना फक्त खरचटले. मावशींचा उजवा हात स्टिअरिंगवर घट्ट होता. त्यांचे मनगट मोडले.

टेम्पोवाला पळून जाऊ शकला असता. रस्ता मोकळा होता आणि लोक अजून जमायचे होते. पण तो उतरला. त्याचे स्वतःचे कपाळ फुटले होते. त्यानेच मावशींना धरून बाहेर काढले आणि एक गाडी थांबवून दवाखान्यात नेले. तिथे बाकावर बसल्या बसल्या मावशी त्याला म्हणाल्या, "अरे, तुझ्या कपाळातून रक्त येतंय, आधी ते दाखव. माझा हात काही पळून जात नाही." हे मला नंतर बाईंच्या तोंडून कळले.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. टेम्पोवाला स्वतःच गाद्या विकायचा; त्या गादीवाल्याच्या टेम्पोचा विमाच नव्हता. मुदत संपून सात आठवडे झाले होते. 'उद्या भरतो, परवा भरतो' करत राहिला. कंपनीचे आठवणीचे पत्र आले होते, ते त्याने जपून ठेवले होते. कुठे? घरी, गादीखाली!

आता तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. ज्याची चूक, त्याच्या विम्यातून समोरच्याची भरपाई होते, असा साधा हिशेब असतो. पण धडक देणाऱ्याकडे विमाच नसेल तर? मग आपल्याच पॉलिसीत तशी सोय आहे का, ते शोधावे लागते. बाईंच्या पॉलिसीत ती होती. विमा नसलेल्या वाहनाने धडक दिली तर गाडीचे नुकसान आणि आत बसलेल्यांचा इलाज, दोन्ही त्यात होते. मिस्त्रींच्या अंगणात मला ओढून आणले त्या संध्याकाळी बाईंनी तो कागद माझ्या बॉनेटवर पसरला आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. शेवटच्या पानावर त्यांचे बोट थांबले. लिहिले होते की गाडी शिकाऊ माणूस चालवत असेल तर पाटी लावलेली असली पाहिजे. ती नसेल, आणि त्यामुळे अपघात घडला असेल, तर कंपनी काही देणे लागणार नाही.

मिस्त्रींनीही वाकून वाचले. मग ते मागच्या सीटकडे गेले आणि पाट्या घेऊन आले. एक वाकली होती, दुसरी धड होती.

"बाई, चार स्क्रू लावतो," ते हळूच म्हणाले. "मग फोटो काढू. कोण बघायला आलंय?"

बाईंनी वाकलेली पाटी हातात घेऊन पाहिली. मी चौदा वर्षांची गाडी, माझ्यासाठी कोण एवढी जोखीम घेईल असे मला वाटले. पण खरे सांगते, 'लावा' असे त्यांनी म्हणावे असेही मला वाटले. जिवाची भीती कुणाला नसते?

"नका लावू," बाई म्हणाल्या.

"अहो, शाळा बंद पडेल तुमची! एकच गाडी आहे."

"उद्या कंपनीचा माणूस मावशींना विचारेल, पाटी होती का? त्या काय सांगतील? त्या बाईला स्वतःची परीक्षा वाचवायला खोटं बोलता आलं नाही, ती माझ्यासाठी बोलेल होय?"

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मी आहे ना. पाटी काढायची खोड माझी. मीच सांगते." आणि फॉर्मवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले, 'अपघाताच्या वेळी पाटी लावलेली नव्हती.'

मिस्त्री म्हणाले, "तुम्ही म्हणजे ना, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता." तरी माझ्यावर ताडपत्री त्यांनीच घातली, आणि जागेचे भाडे त्यांनी कधी मागितले नाही.

पुढचे दोन महिने मी अंगणात पडून राहिले. कंपनीचे पत्र आले की क्लेम चौकशीसाठी रोखून ठेवला आहे. बाई रोज यायच्या, माझी बॅटरी उतरू नये म्हणून दोन मिनिटे इंजिन चालू करायच्या आणि जायच्या. शिकवणी बंद होती. तिकडे मावशींचे प्लास्टर निघाले, पण हाड वाकडे जुळले होते. मनगट वळेना. कात्री धरता येईना, सुई तर लांबच. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन केले तर हात पहिल्यासारखा होईल, नंतर कठीण. त्या ऑपरेशनची सोय त्याच क्लेममध्ये होती. म्हणजे बघा, माझी चेपलेली डिकी सोडा, एका शिंपिणीचा उजवा हात त्या एका कागदावर अडकला होता.

अखेर एके दिवशी दुपारी सर्व्हेअरसाहेब आले. विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येतात ते. शिडशिडीत, मितभाषी, हातात टॉर्च आणि बोटभर जाडीची वही. त्यांनी सर्वांना बोलावले होते. बाई आल्या, मावशी आल्या, आणि शेवटी कपाळावर व्रण घेऊन गादीवाला आला. तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

आधी मावशींचा जबाब झाला. त्यांनी सगळे आहे तसे सांगितले. सही करायला साहेबांनी वही पुढे केली. मावशींनी उजव्या हातात पेन धरून पाहिले, ते निसटले. मग डाव्या हाताने त्यांनी पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी अक्षरे काढली. "अक्षर बघून हसू नका हं साहेब, नवीन शिकतेय," त्या म्हणाल्या.

मग साहेब गादीवाल्याकडे वळले. आता कान देऊन ऐका, मित्रांनो, सगळे इथेच ठरणार होते. पाटी नव्हती हे तर कबूलच होते. पाटी नसल्यामुळे अपघात झाला का, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर एकाच माणसाकडे होते.

"समोरची गाडी शिकाऊ आहे हे तुम्हाला कळलं होतं का?"

"नाही साहेब. पाटीच नव्हती."

"पाटी दिसली असती, तर तुम्ही अंतर ठेवलं असतं?"

 गादीवाला नंतर बाईंना म्हणाला की त्याला कुणी शहाण्याने आदल्याच दिवशी पढवले होते: 'हो म्हण. पाटी असती तर लांब राहिलो असतो म्हण. अर्धी चूक त्यांच्या गळ्यात पडेल, तू सुटशील.' तो 'हो' त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. त्याच वेळी मावशी डाव्या हाताने पेनाचे टोपण लावायचा खटाटोप करत होत्या. ते काही लागत नव्हते.

गादीवाला पुढे झाला, त्याने त्यांच्या हातातून पेन घेतले आणि टोपण लावले.

"साहेब," तो म्हणाला, "मी समोर बघतच नव्हतो. बिलाचं पुस्तक सीटवरून खाली पडलं, ते उचलायला वाकलो होतो. पाटीचं काय घेऊन बसलात, तिथं हत्ती उभा असता तरी मला दिसला नसता."

"हे मी लिहून घेऊ? सगळी चूक तुमच्या अंगावर येईल. विमाही नाही तुमच्याकडे. कंपनी तुमच्या मागे लागेल."

"लिहा."

"पुन्हा विचार करा."

"दोन महिने तेच करतोय साहेब. झोप नाही येत. गादीवाला असून झोप येत नाही, लोक हसतील मला. लिहा तुम्ही."

कुणी हसले नाही. फक्त मिस्त्रींनी नाक ओढल्याचा आवाज आला. साहेबांनी शांतपणे लिहिले, त्याची सही घेतली आणि बाईंना म्हणाले, "पाटी न लावणं चूकच, त्याचा शेरा मी मारणार आहे. पण अपघात त्यामुळे झालेला नाही. तुमचा क्लेम मी मंजुरीला पाठवतो. मावशी, तुम्ही डॉक्टरांकडून तारीख घ्या."

मावशी मटकन मिस्त्रींच्या स्टुलावर बसल्या. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला तर हॉर्न वाजवावासा वाटला.

पण साहेबांचे काम संपले नव्हते. ते टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरले. इथे ठोकले, तिथे ठोकले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला माती लागली होती.

"चासी वाकली आहे, खालचा सांगाडाच," ते म्हणाले. "दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरेल. तुम्हाला भरपाई मिळेल, त्यातून दुसरी घेता येईल. ही भंगारात जाईल."

ज्या क्लेमसाठी मी दोन महिने देवाचा धावा केला, तो मंजूर झाला आणि त्यातच माझे मरण लिहिलेले होते. मला वाईट वाटले, मित्रांनो. फार वाटले. पण मावशींच्या हाताकडे पाहिले आणि मी मनातल्या मनात म्हटले, हरकत नाही. एका जुन्या गाडीच्या बदल्यात तो हात मिळत असेल तर बिलकुल हरकत नाही.

बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या टपावर त्यांनी हात ठेवला.

"भंगार आम्हीच ठेवून घेतलं तर?" त्यांनी विचारले.

"ठेवता येतं. पण तेवढी रक्कम कापली जाईल. आणि रस्त्यावर आणता येणार नाही, नोंदणी रद्द होईल."

"कापा," बाई म्हणाल्या.

"बाई, हिचं करणार काय तुम्ही?" मिस्त्रींनी विचारले.

"ते माझं मी बघेन. तुम्ही आधी नाक पुसा."

अशी मी शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. मिस्त्रींनी माझी चाके काढून मला चार दगडी ठोकळ्यांवर बसवले. शाळेत नवी गाडी आली. पांढरी, गुळगुळीत, एका बोटाने स्टिअरिंग फिरते म्हणे. सगळे तिच्या कौतुकात. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यांनी आरशात घर केले. मी रुसले होते. आपल्याला ठेवून घेतले ते कशाला, असेही एक-दोनदा मनात आले. मी काही संत नाही.

मग एका दुपारी शेडचे दार उघडले. मावशी होत्या. ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते, मनगटावर लांब लाल व्रण होता. दवाखान्यात त्यांना व्यायाम सांगितला होता, हात गोल फिरवायचा, रोज शंभरदा. 'हवेत हात फिरवून कंटाळा येतो,' असे त्या बाईंना म्हणाल्या होत्या, आणि बाईंनी त्यांना शेडची किल्ली दिली होती.

त्या दाराशीच थबकल्या. अपघातानंतर त्यांनी सगळ्यांना सांगितले होते की आता स्टिअरिंगला हात लावणार नाही. पक्का परवाना घरी येऊन पडला होता, पाकीटही फोडले नव्हते. त्या बऱ्याच वेळाने माझ्या आत बसल्या. "तू तर कुठं जात नाहीस ना गं?" त्यांनी मला विचारले. मी कुठे जाणार! मग त्यांनी माझे स्टिअरिंग धरले आणि इंचभर फिरवले. डोळ्यांत पाणी आले त्यांच्या, दुखल्यामुळे. दुसऱ्या दिवशी दोन इंच. मी जड आहे, पण मी जमेल तेवढी हलकी झाले. महिन्याभराने त्यांचा हात पुरता एक फेरा घेऊ लागला.

ते पाहूनच बाईंना पुढचे सुचले. आता नवा विद्यार्थी आला की पहिले तीन दिवस तो माझ्यात बसतो. क्लच कुठला, ब्रेक कुठला, गिअर कसा, आरसा कसा लावायचा. कुणाला धडकायची भीती नाही, मागून हॉर्न नाही. मी पुन्हा मास्तरीण झाले. बाईंनी पाटीची रीत मात्र बदलली. पास झालेला माणूस आता पक्का परवाना घेऊन येतो तेव्हाच पाटी काढतो. गादीवाल्याचा टेम्पो दंड आणि कज्ज्यात सात महिने अडकला होता. तेवढे दिवस त्याने हातगाडीवर गाद्या ओढल्या. टेम्पो सुटला त्या दिवशी त्याने आधी विमा भरला आणि मग इंधन. माझ्या सीटला त्याने नवा कापूस भरून दिला, आणि तिची खोळ मावशींनी शिवली.

मित्रांनो, मी पाहिले आहे की माणसे चुका करतात. बाईंनी केली, गादीवाल्याने केली. पण दोघांनी खरे सांगितले म्हणून एक हात वाचला आणि मीही वाचले. मी त्यांचे आभार मानते. त्या शिडशिडीत साहेबांचेही मानते, कारण ते मातीत झोपून बघतात आणि नीट ऐकतात. आणि तुमच्याकडे एकच मागणे आहे. आज घरी गेलात की विचारा, आपल्या गाडीच्या विम्याची मुदत कधी संपते? मोठी माणसे 'बघू उद्या' म्हणाली, तर हट्ट करा. एरवी हट्ट वाईट, पण हा चालेल.

आता मला थांबले पाहिजे, कारण फाटकाशी एक गाडी येऊन थांबली आहे. आमच्या शाळेची नव्हे. मावशींच्या दारात इतकी वर्षे उभी असलेली, त्यांची स्वतःची. शेजारी यजमान बसले आहेत, जाड चष्म्यातून समोर बघत. मावशी नुसत्या मला दाखवायला आल्या आहेत.

"अगं, समोर काय आहे? मला काही नीट दिसत नाही," यजमान विचारत आहेत.

"मला दिसतंय ना," मावशी म्हणतात. "तुम्ही पट्टा लावा."